हात खाली येईपर्यंत

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनी जरा पुढे सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. गोष्ट आहे एका पेंटरची आणि त्याच्या लेकीची. वाटेत दोन-चार ठिकाणी हसू येईल, ते दाबू नका. पण शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सगळ्याच गोष्टींचा शेवट गोड असता, तर देवाला आळवायला कोण बसलं असतं?

लेक बसवर कंडक्टर होती. आवाज असा खणखणीत, की तिने "पुढे सरका" म्हटलं की मागून येणाऱ्या बसमधली माणसंसुद्धा सरकत असतील, असं तिचे ड्रायव्हर म्हणायचे. आळीत तिला भोंगा म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. बाप पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकांची फळकुटं, भिंतीवरच्या जाहिराती. दोरी न लावता सरळ रेघ मारायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि थोरला भाऊ परगावी विमा कंपनीत होता. घरात ही दोघंच.

आता पेंटरचे डोळे गेले तर काय उरतं, सांगा. एके दिवशी 'मालकीण' लिहिताना त्याला मधलं अक्षरच दिसेना. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. त्या दिवसापासून तो माणसांकडे तिरकं बघायला लागला.

"तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं," तो लेकीला म्हणाला.

"मग कानात काहीतरी झुलतं घालते. फुकट बघताय, निदान बघण्यासारखं तरी असू दे."

तो हसला. पण जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाला, "एक राहिलंय बघ. रानबोकड."

रानबोकड म्हणजे उंच डोंगरातल्या कड्यांवर राहणारा, लांब शिंगांचा. एका सिमेंट कंपनीचं ते चिन्ह होतं, आणि तरुणपणी गावोगावच्या भिंतींवर पेंटरने तो बोकड इतक्या वेळा काढला होता, की झोपेतसुद्धा काढला असता. खरा मात्र कधी पाहिला नव्हता. कंपनीने दिलेलं चित्र होतं काडेपेटीएवढं. त्यात शिंगांची टोकं शाईत बुडालेली. ती आत वळतात की बाहेर, कळायला मार्ग नव्हता. त्याने आत वळवली. आयुष्यभर आत वळवली.

"अंदाजाने काढली गं सगळी," तो म्हणाला. "डाग पुरता पसरायच्या आत एकदा खरी बघायची आहेत. मग काळोख झाला तरी बसून राहीन."

लेकीने त्याच आठवड्यात रजा टाकली.

दादाचा फोन आला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या वयात डोंगर? त्यांना काही झालं तर मी तुलाच विचारणार, सांगून ठेवतो."

"विचार की. तोंड आहे मला," ती म्हणाली, आणि दोन पाठपिशव्या माळ्यावरून काढून उन्हात टाकल्या.

पण त्यांच्या घरचा एक नियम तुम्हाला आधी सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. ही तिघं, म्हणजे आई असताना, सुट्टीच्या दिवशी तलावामागच्या टेकडीवर पक्षी बघायला जायची. पोर लहानपणापासून बडबडी. एकदा काठावर पाणमांजर आलं, पिल्लांसकट, अगदी हाताच्या अंतरावर. आणि हिने आनंदाने अशी किंकाळी फोडली की पाण्यावर नुसती वर्तुळं राहिली. बाप रागावला नाही. घरी पोचेपर्यंत बोललाच नाही, आणि ते पोरीला मारापेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून नियम ठरला: पुढे चालणाऱ्याने हात वर केला, की मागच्याने पुतळा व्हायचं. पाऊल नाही, प्रश्न नाही, हात खाली येईपर्यंत श्वाससुद्धा हळू. पोरीने तो नियम असा अंगी बाणवला, की शाळेत कुणी उत्तर द्यायला हात वर केला तरी ही गप्प व्हायची. आई म्हणायची, "भोंग्याला बूच सापडलं."

डोंगराच्या पायथ्याला एक जुनं शहर होतं. तट, बुरूज, दगडी कमानी, आणि गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून पाठपिशवीवाला आला तर एकाने कुणाच्या तरी दारात शिरावं लागे. लेक दोनदा तशी शिरली. एकदा न्हाव्याच्या दुकानात, आणि एकदा एका घरात, जिथे नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं. ती दोघं थांबली, ही "चालू द्या" म्हणून बाहेर आली. बापाला हसता हसता खोकला लागला आणि तो भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला.

उंचावर एक लॉज मिळालं. चालवणारी बाई जाडजूड, गुडघे धरून जिना चढणारी. लेकीने पहिल्या तासातच तिला मावशी करून टाकलं. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, आणि खिडकीतून समोर तो डोंगर, राखाडी, वर पांढरा. पेंटर त्याच्याकडे तिरकी मान करून बघत राहिला.

ती दोघं शहर बघत हिंडली. पेंटर प्रत्येक पाटीपाशी थांबायचा. कमानीवरचं कोरीव अक्षर, चांभाराची पत्र्याची पाटी, औषधवाल्याचा काचेवरचा सोनेरी मुलामा. हात भिंतीला लावून, मान कलती करून उभा.

"बघ, हा 'र' काढणारा माणूस उतावळा होता."

"बाबा, अशा गतीने आपण डोंगरावर पुढच्या जन्मी पोचू."

"पोचू की. घाई काय आहे?"

चढ आला की पाट्या वाढायच्या. जिथे पाटीच नसे, तिथे तो दगड बघायचा, कुलूप बघायचा, एकदा तर नुसतं नाल्याचं झाकण बघत उभा राहिला. लेक मनात म्हणाली, डोळे जाताहेत म्हणून घोट घोट पिऊन ठेवतोय बिचारा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यापायी तिला दुसरं काही दिसलं नाही. त्याचे ओठ जरा निळसर दिसायचे. ती म्हणायची, थंडी.

आता मंडळी, जिथे गाऊन देवाची कथा सांगतात तिथे माझे पाय आपोआप वळतात, आणि पेंटरचेही वळायचे. बाजारामागे एक जुनं प्रार्थनाघर होतं. दुपारी तिथे एक म्हातारे बुवा गाऊन कथा सांगत होते. तंतुवाद्य एक, ढोलकं एक, श्रोते मोजके, त्यातले दोघे पेंगत होते. बुवांचा आवाज फाटका, पण लागायचा तिथे लागत होता. कथा एका मुक्या माणसाची. नदीच्या पलीकडे अडकलेला, संध्याकाळ झालेली, पूर चढतोय. नावाडी हाका मारणाऱ्यांना नेतो. याला हाकच मारता येत नाही. सगळे पार झाले, हा राहिला. शेवटी त्याने नुसता हात वर केला. आणि बुवांनी डोळे मिटून धरलं:

*ओठ मिटले तरी ऐकतो तो,*
*हात उचलला की धावतो तो.*

पेंगणारे दोघेही जागे झाले. पेंटरच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि तो ते पुसत नव्हता. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "नावाड्याने आधीच मागे वळून बघायला काय झालं होतं?"

"तू कंडक्टर आहेस म्हणून तुला असं वाटतं," बाप म्हणाला. मग तेच चरण गुणगुणत चढ चढला, आणि मध्येच गुणगुणणं थांबवून एक पाटी बघत उभा राहिला.

पहिल्या दिवशी डोंगरात त्यांना लेंड्या मिळाल्या, काळ्या, चकचकीत, आणि एका झुडपाला अडकलेले केस. बोकड नाही. पेंटरने ते केस बोटांत चुरून पाहिले आणि खिशात ठेवले. उतरताना तो इतका थकला, की लॉजच्या जिन्यावर मावशी आणि तो एकाच पायरीवर बसून राहिले.

"काका, तुमचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट," मावशी म्हणाली.

"गुडघे चांगले आहेत. वर बसलाय तो मालक कुरकुरतोय," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. मावशी हसली. लेकही हसली.

खोलीत गेल्यावर मात्र लेक खाटेच्या कडेला बसली. "बाबा, परत जाऊ या. शिंगांचे फोटो मिळतात. मोठे करून, कानाशी धरून दाखवीन."

"फोटोवरून काढण्यातच जन्म गेला, पोरी." "उद्याचा दिवस. नाही दिसला तर तू म्हणशील तसं."

हा शब्द तिने घेतला. दादा असता तर घेतला नसता. पण दादाने त्याला भिंतीपुढे शिडीवर उभा असलेला पाहिलाच नव्हता. हिने पाहिला होता, लहान असताना, रंगाचे डबे धरून. त्या शिडीवरचा बाप एकदा तरी तृप्त व्हावा, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. वाट कड्याच्या अंगाने वळत वळत जाणारी, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी. पेंटर पुढे, कारण घसरला तर धरायला मागे लेक हवी. शिवाय कडेची हालचाल त्याला अजून तिच्यापेक्षा आधी दिसायची. त्याच्या हातात चालायची काठी होती, पट्टा मनगटात अडकवलेली. दोघं बोलत नव्हती. वारा मागून येत होता, मानेवर गार लागत होता. एका वळणाला तो थांबला, तिने पाण्याची बाटली पुढे केली, त्याने मानेनेच नको म्हटलं आणि हसला. ते हसू तिरकं होतं, तिच्या कानाकडे बघत केलेलं.

मग तो वळणापलीकडे गेला. खडकामुळे तिला आधी त्याची पाठपिशवी आणि एक खांदाच दिसत होता, मग तेही आड गेले. वाटेवर एक खुरटं झाड कड्यातून बाहेर आलं होतं.

आणि हात वर झाला.

लेक होती तिथे पुतळा झाली. एक पाय वर, एक खाली, तशीच. तिच्या छातीत असा आनंद दाटला, की तो आवाज होऊन बाहेर पडेल म्हणून तिने जीभ दाताखाली धरली. दिसला. बाबांना दिसला. शेवटी दिसला. पाणमांजराच्या वेळची किंकाळी तिला आठवली आणि ती मनात म्हणाली, आज नाही, आज मी मेले तरी नाही. तिला बोकड दिसत नव्हता, पण तिला दिसायची गरजच नव्हती. तो वर गेलेला हात तिला दिसत होता, आणि तिच्या मते त्या हाताच्या पलीकडे जगातली सगळ्यात सुंदर शिंगं होती.

हात खाली येईना. किती बघतोय, ती मनात हसली. बघ, बघून घे, टोकापर्यंत बघ. वरच्या पायाला मुंग्या आल्या. पाठपिशवीचा पट्टा खांद्यात रुतला. मनगटावर एक माशी बसली, तिने ती हाकलली नाही. ती मनातल्या मनात तेच चरण म्हणत राहिली, वेळ जावा म्हणून.

मग वाऱ्याची एक झुळूक मागून आली, मान गार करून पुढे गेली.

मागून.

तिला शिकवलं कुणी होतं? त्यानेच. वारा पाठीशी असला की आपला वास आपल्या आधी पुढे जातो. मग पुढे कुणीही उभं राहत नाही, उंदीरसुद्धा नाही. पुढे बोकड असणं शक्यच नव्हतं. आणि हे तिच्यापेक्षा त्याला जास्त माहीत होतं.

तिने पाय खाली ठेवला. नियम मोडून तिने टाकलेलं ते पहिलं पाऊल.

पेंटर खडकाला टेकून बसला होता, गुडघे दुमडून, मान छातीवर. काठीचा पट्टा खुरट्या झाडाच्या फांदीत अडकला होता आणि त्या पट्ट्याने हात वर धरून ठेवला होता. डाव्या हाताच्या मुठीत छातीवरचा शर्ट. हाक मारायला श्वास उरला नसेल, तेव्हा त्याने तेवढंच केलं होतं, जे एका हाताने करता येतं. आणि ज्या एका माणसाला त्या हाताची भाषा येत होती, ते माणूस मागे उभं होतं, पुतळा होऊन.

तिने पट्टा सोडवला. हात खाली आला, गार.

तेव्हा ती ओरडली. बसमध्ये कधी लावला नव्हता असा आवाज तिने लावला. दरी भरली, पलीकडच्या कड्याने तो परत पाठवला. तिच्या मागे, वरच्या बाजूला दगड घरंगळले. तिने मान वळवली. ज्याच्या खालून ती दोघं मघाशी गेली होती, त्याच कड्यावर रानबोकड उभा होता. सगळा वेळ तो मागेच असणार. क्षणभर तो तिच्याकडे बघत राहिला, उन्हात, अंगावरचा केस न् केस दिसावा इतका स्पष्ट. शिंगं मागे झुकून गेलेली, आणि टोकं बाहेर वळलेली. बाहेर. मग तो एका उडीत नाहीसा झाला.

तिचा आवाज ऐकून वाट दुरुस्त करणारे दोन मजूर फावडी टाकून धावत आले. त्यांनी पेंटरला पाठीवर घेतलं. ती मागून दोन्ही पाठपिशव्या घेऊन उतरली. कुणी एक मागितली तरी दिली नाही.

खाली रुग्णालयात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. एक नर्स म्हणाली, लगेच काही केलं असतं तर कदाचित, पण डोंगरावर कोण काय करणार? ती चांगल्या मनाने म्हणाली. ते 'लगेच' लेकीच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं.

खोलीत तिला एकटीला जाऊ दिलं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"बाबा, टोकं बाहेर वळतात," ती म्हणाली. "आपण चुकलो होतो."

लॉजवर मावशीने तिला जवळ घेतलं. "रडू नको गं. बघता बघता गेले काका. हात वर होता म्हणतेस ना? मग दिसलाच असणार त्यांना. डोळे भरून गेले."

"हो मावशी," लेक म्हणाली. वाऱ्याचं तिने सांगितलं नाही. त्या गरीब बाईचा आधार कशाला मोडायचा?

दादा आला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तू हाक का नाही मारलीस? एवढा वेळ? तू? तुझा आवाज तर तीन आळ्यांत जातो."

"हात वर होता दादा."

"म्हणजे?"

तिने पुन्हा सांगून पाहिलं. पाणमांजर, तलाव, आई. त्याला ते कळलं नाही. तो कधी टेकडीवर आलाच नव्हता. सुट्टीच्या दिवशी त्याची शिकवणी असायची. "तुलाच विचारणार म्हणालो होतो," तो म्हणाला. मग त्याचंच तोंड वेडंवाकडं झालं आणि तो रडायला लागला. तिने त्याला धरलं. पण ते वाक्य काही परत गेलं नाही. दोघांच्या मध्ये अजून तिथेच आहे.

आता तुम्ही मला विचाराल, देवाला तो हात दिसला का? बुवांनी तर गाऊन सांगितलं होतं. मी त्यांच्याच आळीतला, रोज देवाचं नाव घेणारं माणूस. दिसला असंच माझं मन म्हणतं. पण लेकीपुढे मी ते म्हणू शकलो नाही. ती म्हणाली, "दिसला तर मलाही होता." कुठल्याच प्रार्थनाघरात ती परत कधी गेली नाही, आणि मी तिला चला म्हटलं नाही.

ती पुन्हा बसवर चढली. आवाज तोच आहे, पण आता 'पुढे सरका' म्हणण्यापुरताच निघतो. एक गोष्ट मात्र बदलली. रस्त्यात कुणाचाही हात वर दिसला, की ती घंटीची दोरी ओढते. थांबा असो नसो. ड्रायव्हर कुरकुरतो, "अगं बाई, तो भिंतीवर खिळा ठोकतोय." ती म्हणते, "थांबवा. विचारून घेऊ." एकदा कपडे वाळत घालणाऱ्या बाईसाठी बस थांबली होती. प्रवासी हसतात, काही जण तक्रार करतात, वरून समज येते. ती खाली उतरते, विचारते, "बरं आहे ना सगळं?" आणि हो ऐकल्याशिवाय चढत नाही.

आमच्या गावाबाहेर एका गोदामाच्या भिंतीवर सिमेंटवाल्याचा एक जुना बोकड अजून आहे. रंग उडालाय, अंग निम्मं राहिलंय. मध्यंतरी कुणीतरी शिंगांची टोकं खरवडून नव्याने काढली आहेत. बाहेर वळवलेली. रेघ जरा थरथरलीय, पेंटरची नाही ती. तिथून कधी गेलात तर क्षणभर थांबा, आणि त्या पेंटरची आठवण काढा, ज्याने हात वर केला होता.